सुट्टीच्या दिवशीची कात्री

मित्रांनो, मी कुंपण छाटायची एक जुनी कात्री आहे. खंडेनवमीच्या सकाळी मी सहादू माळ्याचा अंगठा तोडला. असं काहीही घडलेलं नाही.

माझा जन्म पंचवटीतल्या एका लोहाराकडे, ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून झाला. त्यानं मला लाल होईस्तोवर भाजलं, घणानं बडवलं, पाण्यात बुडवलं आणि सहादूला सांगितलं, "लय मायेनं घडवलीय." तेव्हापासून मला मायेची धास्ती आहे.

एकलहऱ्याच्या रस्त्याला लताबाईंची बाग होती. तिथं डोक्याहून उंच मेंदीचं कुंपण. पानांवरची वीजकेंद्राची राख झटकायची आणि कोवळ्या शेंड्यांची मुंडकी उडवायची, हे आमचं काम. एकदा मी एका सरड्याचे दोन भाग केले. शेपटीचा भाग जास्त लांब पळाला. येणारे-जाणारे म्हणत, "काय नाजूक काम आहे!"

दोन हजार तीन साली लताबाईंनी लेकीच्या साखरपुड्यासाठी फाटकाशी मेंदीचे दोन हत्ती मागितले. साखरपुडा दसऱ्याला. एक हत्ती झाला, दुसऱ्याला डोकं फुटायच्या आत खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. हत्यार काम करत नाही. सहादूनं मला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि पाटावर बसवलं.

"सहादू, हत्ती आज पुरा कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"बाईसाहेब, आज तिला हात नाय लावायचा. परवा सोंड काढून देतो ना."

"साखरपुडा झाल्यावर सोंड काय चाटायचीय?"

बाईंनी माझी एक मूठ धरली, सहादूनं दुसरी. दोघांनी ओढलं, मी उघडले. माळ तुटेल म्हणून सहादूनं पात्यांत हात घातला. बाईंनी ढकललं, मी मिटले.

अंगठा झेंडूंत पडला. पाटावर रक्त, बाईंच्या पैठणीवर रक्त, बिनडोक्याच्या हत्तीवर रक्त. सहादू किंचाळला, "अरे देवा! कात्रीनं काम केलं!"

त्याची बायको भागुबाई खुरपं टाकून धावत आली. पदर फाडून तिनं हात करकचून बांधला. "गप बसा वो! अंगठा म्हंजी काय कुंपण हाय? ह्ये काम नाय धरायचं."

सहादूला धीर आला. लताबाईंना तर हे फारच पटलं. काम झालंच नाही, तर कामावर जखम कुठली आणि भरपाई कुठली?

पाहुण्यांनी बिनडोक्याच्या हत्तीला म्हैस समजून फोटो काढले. सहादूला मला धरता येईना, त्याची नोकरी गेली. मी खिळ्यावर गंजतेय. मित्रांनो, वापरून झाल्यावर हत्यार पुसून, तेल लावून जागेवर ठेवावं. माणसालाही तसंच ठेवावं.

तरी माननीय कामगार अधिकारी व खंडेनवमीशी संबंधित सर्व देवता यांनी उपरोक्त दिवस सहादूसाठी कामाचा व माझ्यासाठी सुट्टीचा धरावा, ही नम्र विनंती.