डॉक्टर कंपोन यांचा गाल

खोन केन शहरातले डॉक्टर कंपोन दुर्बीण घेऊन नाकातून थेट कवटीच्या तळापर्यंत जायचे आणि परत आले की स्वतःवर फार खूश व्हायचे. ही खोड त्यांना ठाऊक होती. सुटत नव्हती, एवढंच.

पुयफाय पाच वर्षांची. तिच्या कवटीच्या तळाला जन्मतःच भोक होतं. त्यातून मेंदूच्या आवरणाची पिशवी उतरून दोन्ही नाकपुड्या बुजल्या होत्या. डॉक्टरांनी पिशवी काढली, भोकाला नाकातल्याच अस्तराचं ठिगळ लावलं आणि आजीला बजावलं: शिंकरायचं नाही, कुंथायचं नाही. ठिगळ सुटलं तर मेंदूभोवतीचं पाणी गळेल, मग पोरीच्या जिवाशी गाठ.

आजीने तेव्हापासून नातीला पापासुद्धा देऊ दिला नाही. त्या मुलखात पापा ओठांनी देत नाहीत, गालाला नाक लावून जोरात हुंगतात. डॉक्टर स्वतः रोज बायकोचा गाल हुंगून घराबाहेर पडायचे, पण हे बजावायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

घरी सोडायच्या दिवशी शिकाऊ डॉक्टरांचा घोळका पाहून कंपोनना चेव आला. त्यांनी वाकून गाल पुढे केला. "चल, डॉक्टरकाकांना पापा दे बघू."

पोरीने सूंऽऽ करून गाल हुंगला.

कंपोनना तेव्हा कुठे उमगलं. आपल्या ठिगळाला आपणच सुरुंग लावला होता, तोही शाबासकीसाठी. पोरीला पुढे वाकवून ते फरशीवरच बसले आणि तिच्या नाकाकडे बघत राहिले. शिकाऊ डॉक्टर छताकडे बघत होते. बराच वेळ गेला, थेंबही पडला नाही.

"काका," पुयफाय म्हणाली, "तुमच्या गालातून माझ्या नाकात काहीतरी आलं."

"आंबवलेला मासा," सिस्टर लमाई म्हणाल्या. "पपईच्या कोशिंबिरीतला. अत्तर फासलं म्हणून लपतो होय?"

आजीला रडू फुटलं. ऑपरेशनआधी पोर पापा देताना नुसता आवाज काढायची, आजीची नक्कल म्हणून. तिला वास कधी आलाच नव्हता.

"पहिला वास माझा यायचा होता, डॉक्टर. मी मन मारून बसले, आणि तुम्ही आयता घेतलात."

कंपोननी बसल्या जागीच हात जोडले. "चुकलो, आजी. आता गाल जवळ न्या. तिला हुंगू देऊ नका, नुसता श्वास घेऊ दे."

आजीने गाल टेकवला. पुयफायने डोळे मिटले आणि ती आजीचा वास घेत राहिली. वॉर्डात तेव्हा एकच नाक गळत होतं, डॉक्टर कंपोन यांचं.