साक्षीची बदली

टीव्हीवर निळ्या पाटीत अक्षरं आली, ‘हे चॅनल आपल्या पॅकमध्ये समाविष्ट नाही.’ मुकुंदरावांनी पुन्हा तोच नंबर दाबला. पुन्हा तीच पाटी. साडेसात वाजून गेले होते, म्हणजे मालिका सुरू झाली असणार. त्यांनी केबलवाल्या बद्रीनाथला फोन लावला.

“काका, म्याच काढलं ते,” बद्री म्हणाला. “काकू गेल्या, आता घरात तुम्ही एकलेच. बायकांचे चॅनल कशाला ठेवायचे म्हणलं? बातम्या अन् भक्तीचा पॅक टाकून दिला तुम्हाला. बराबर केलं ना?”

जुन्या जालन्यातल्या त्या गल्ल्यांमध्ये बद्रीची ही रीतच होती. पॅक गिऱ्हाइकानं सांगायचा नसतो, बद्रीनं ओळखायचा असतो. घरात सून आली की मालिका, नातू झाला की कार्टून, पोराला मिशी फुटली की क्रिकेट आणि माणूस रिटायर झाला की भक्ती. तेराव्याचं जेवून हात धुतले की तो त्या घराचा पॅक बदलून मोकळा व्हायचा. आजवर कोणी तक्रार केली नव्हती.

खरं तर मुकुंदरावांनाही ही वाटणी पसंत होती. पाटबंधारे खात्यात जन्म काढलेला माणूस. ज्या त्या फायली ज्या त्या कपाटात. मालिका बायकांच्या कपाटातल्या. अरुंधती बैठकीत टीव्हीसमोर असली की ते आतल्या खोलीत पेपर वाचायचे आणि मधूनच ओरडायचे, “झालं का तुझ्या साक्षीचं रडून?” साक्षी म्हणजे त्या मालिकेतली नायिका. सासू तिला छळते, एवढंच त्यांना भिंतीपलीकडून ठाऊक होतं.

“अरे, मला नकोय रे,” ते फोनवर म्हणाले. “साळूबाई येतात ना पोळ्या करायला, त्यांना लागतं.”

“हां, मंग असं बोला की! उद्या संध्याकाळी येऊन टाकतो. बॉक्स बी बघतो जरा.”

सत्तरीच्या उंबरठ्यावर माणसानं एका मालिकेपायी खोटं बोलावं! पण त्यांना त्याची लाजही धड वाटली नाही. अरुंधती गेल्यापासून त्यांना काहीच धड वाटत नव्हतं. चहात साखर आहे की नाही हे कप रिकामा झाला तरी कळायचं नाही. लोक म्हणायचे, मुकुंदराव मोठे खंबीर, डोळ्यांत टिपूस नाही. खंबीर कसले डोंबलाचे! आत काही हलतच नव्हतं. एक गोष्ट मात्र टोचत होती.

संक्रांतीनंतर अरुंधतीला दवाखान्यात ठेवलं होतं. वॉर्डात टीव्ही नव्हता. ती म्हणाली, “अहो, साक्षीची मालिका बघून येत जा आणि मला सांगत जा. एवढं करा माझ्यासाठी.”

ते ‘बरं’ म्हणाले आणि घरी येऊन टीव्ही लावलाच नाही. त्यांच्याच्यानं होईना. दुसऱ्या दिवशी स्टुलावर बसून त्यांनी आपल्या मनचंच सांगायला सुरुवात केली. आता पाटबंधारे खात्याचा माणूस काय रचणार? त्यांनी साक्षीच्या सासूला कारणे दाखवा नोटीस काढली.

“सासूला नोटीस?” अरुंधतीनं विचारलं. “कोणी दिली?”

“सासऱ्यांनी. लेखी खुलासा मागवलाय.”

ती इतकी हसली की खोकल्याची उबळ आली आणि नर्स धावत आली. पुढच्या दिवशी सासूचा खुलासा असमाधानकारक ठरला. मग नणंदेची विभागीय चौकशी लागली. मग साक्षीची शहागडला बदली झाली. अरुंधती उशीवर मान कलती करून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. घरी ते एवढं कधी बोलले नव्हते. भाजीत मीठ कमी आहे, नळाला पाणी आलं का, यापलीकडे त्यांची गाडी जायची नाही.

शेवटच्या संध्याकाळी तिनं विचारलं, “मग, झाली का साक्षी शहागडला रुजू?”

“उद्या सांगतो,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटेच ती गेली.

बायकोला आपण थापा मारून पाठवलं, हे त्यांना टोचत होतं. साक्षीचं खरं काय झालं ते निदान आता बघावं, तिच्या फोटोपुढे खरं सांगून टाकावं, एवढ्यासाठी त्यांना ते चॅनल हवं होतं.

बद्री ठरल्याप्रमाणे आला. बॉक्सच्या वायरी हलवल्या, फोनवर काहीतरी दाबलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाला, “साळूबाई, या! आलं तुमचं चॅनल.”

साळूबाई पिठाच्या हातानं दारात आल्या. “माझं? म्या कव्हा मागितलं? मी तं पोळ्या करून राह्यले. मला टाइम कुठंय?”

बद्रीनं मुकुंदरावांकडे बघितलं.

“मलाच पाहिजे होतं,” मुकुंदराव म्हणाले. “साक्षीची मालिका बघायची होती.”

बद्री हसला नाही. त्यानं चॅनल लावलं. पडद्यावर कोणी भलतीच मुलगी देवघरात उभी राहून रडत होती.

“ही कोण? साक्षी कुठंय?”

“साक्षी?” साळूबाई म्हणाल्या. “सायेब, ती मालिका तं दिवाळीलाच संपली. शेवटच्या दिवशी बाईंनी मला बी बसवून घेतल्तं. सासूनं साक्षीचे पाय धरले. लई रडलो आम्ही दोघी.”

“संक्रांतीनंतर चालू नव्हती?”

“न्हाई हो! कुठली चालू!”

मुकुंदराव खुर्चीत बसले. म्हणजे अरुंधतीला ठाऊक होतं. नोटीस निघाली त्या पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिला मालिका नकोच होती. तिला नवऱ्याचं बोलणं हवं होतं आणि ते तिला असं मागावं लागलं होतं.

“मंग काका, कोणता पॅक ठेवू?” बद्रीनं हळूच विचारलं. एवढ्या वर्षांत त्यानं हा प्रश्न पहिल्यांदाच कोणाला विचारला असेल.

“कोणताही ठेव रे.”

बद्री गेला. साळूबाईंनी पोळ्या डब्यात झाकल्या आणि त्याही गेल्या. मुकुंदरावांनी टीव्ही बंद केला. स्टूल ओढून ते अरुंधतीच्या फोटोसमोर बसले, दवाखान्यात बसायचे तसे, गुडघ्यांवर हात ठेवून.

“साक्षी शहागडला रुजू झाली,” ते म्हणाले. “मध्यान्हपूर्व. सासू सोडायला गेली होती, जीपनं. हजर अहवालावर साक्षीदार म्हणून सासूनंच सही केली.”

इथं ती हसली असती, म्हणून ते थोडा वेळ थांबले. मग पुढचं सांगायला लागले.