वाळूच्या टेबलाची चौथी बाजू

मित्रांनो, मी एक जुनं वाळूचं टेबल आहे. माझ्यावर कुणी जेवत नाही, कुणी वही उघडून बसत नाही. चार दणकट पाय, वर पलंगाएवढी पसरट पेटी, पेटीला आतून जस्ताचा पत्रा आणि त्यात ओली वाळू, असा माझा थाट. त्या वाळूचे डोंगर करायचे, बोटाने नदी ओढायची, काडेपेटीएवढी घरं मांडायची आणि भोवती उभं राहून त्या मुलखाचा अभ्यास करायचा, यासाठी माझा जन्म. तुम्ही वाळूत खेळता, तेच मोठी माणसं माझ्यावर खेळतात. फरक एवढाच, की खेळून झालं की तुम्ही हात धुता आणि ती पुस्तकं लिहितात.

माझा जन्म एका विद्यापीठाच्या भूगोल विभागात झाला. सुताराने मला खोलीच्या मधोमध जोडलं, ठोकलं, रंधा मारून गुळगुळीत केलं, आणि सगळं झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की मी दारातून बाहेर निघत नाही. "राहू दे," तो घाम पुसत म्हणाला, "लेकीसारखं थोडंच आहे, की उद्या दुसऱ्याच्या घरी पाठवायचंय!" बिचारा. त्याला काय ठाऊक, पुढे मला नेण्यासाठी दाराची चौकटच काढणार आहेत ते.

तिथे भूगोलाच्या एक बाई होत्या. नुकत्याच नोकरीला लागलेल्या, अंगाने काडी, आवाज मात्र ढोलासारखा. ज्या खोऱ्यात आमचं गाव वसलंय तेच खोरं त्या माझ्यावर उभं करायच्या आणि मुलांना चारी बाजूंना उभं करायच्या.

"तुझ्या बाजूने काय दिसतं?"

"घळ दिसते, बाई."

"आणि तुझ्या?"

"बाई, हा खोटं बोलतोय. इथे घळबिळ काही नाही."

"मग दोघं जागा बदला, आणि आता भांडा."

मुलं जागा बदलायची आणि एकमेकांकडे बघून हसायची. एवढंच शिकवणं. पण मी सांगतो मित्रांनो, त्यानंतर मी फार मोठमोठे विद्वान पाहिले, त्यांतल्या निम्म्यांनी आयुष्यात एकदाही जागा बदलली नव्हती.

मग एक दिवस वरून हुकूम आला. गावातल्याच सैन्याच्या महाविद्यालयाला जमिनीचा अभ्यास हवा होता. युद्धखात्याकडे तिजोरी होती आणि भूगोलाकडे खडू. तेव्हा कोण कुणाकडे जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. एका विषयाचे भाकरीसारखे दोन तुकडे झाले. एका तुकड्याचं नाव भूगोलच राहिलं, दुसऱ्याचं नाव पडलं रणभूमिशास्त्र. नकाशे भूगोलाकडे राहिले, मी सैन्याकडे गेलो. वर महाविद्यालयाने नियम केला, की बाहेरच्या खात्याचा नकाशा इथे वापरायचा नाही. गुपित फुटतं म्हणे! आता गावाच्या टेकड्या रोज गावालाच दिसतात, त्यांचं गुपित कुणापासून ठेवायचं होतं, हे त्या नियम करणाऱ्यालाच माहीत.

नव्या घरी माझे लाड झाले, नाही म्हणत नाही. पॉलिश झालं, पितळी पट्टी लागली. वाळू तीच, खोरं तेच, पण बोलणं बदललं. बाईंच्या वर्गात नदी म्हणजे पाणी होतं, इथे ती अडथळा झाली. तिथे टेकडीवर मेंढ्या चरायच्या, इथे टेकडीवरून मारा व्हायचा. कुणी खोटं बोलत नव्हतं. पण खोली बदलली की प्रश्न बदलतो, आणि प्रश्न बदलला की भल्या भल्या माणसांना दुसरंच दिसायला लागतं.

खरी गंमत झाली ती खुर्च्यांपायी. पुढची रांग गादीच्या खुर्च्यांची, ती बड्या साहेबांची. मधली वेताची, ती मधल्या साहेबांची. मागे बाकडी, शिकणाऱ्यांची. एवढ्या रांगा मांडल्यावर माझ्याभोवती फिरायला जागाच उरेना. आता कुणाची रांग काढणार? गादीवाले उठणार नाहीत आणि वेतवाले बाकड्यावर बसणार नाहीत. मग ज्याला तोंड नाही त्यालाच सरकवतात. मला ढकलून उत्तरेच्या भिंतीला टेकवलं.

माझ्या तीन बाजू उघड्या राहिल्या आणि चौथी भिंतीला चिकटली. त्या टोकापर्यंत कुणाचा हात पोचेना. इकडची टेकडी नीट करताना वाळू तिकडे सरकवायची, इकडची नदी खोल करताना निघालेली वाळू तिकडे लोटायची. होता होता भिंतीला लागून वाळूचा मोठा ढीग उभा राहिला. घरात नको असलेलं सामान जसं एका कोपऱ्यात साचतं ना, तसा.

पहिल्या शिक्षकाला ठाऊक होतं की तो नुसता ढीग आहे. त्याची बदली झाली. दुसरा म्हणाला, "उत्तरेला उंचवटा दिसतो." तिसरा म्हणाला, "चढ फार उभा आहे." चौथ्याने त्याचं नावच ठेवलं, उत्तरकडा! मग महाविद्यालयाने माझ्यावरून नकाशा काढला आणि नकाशात कडा आला. नकाशावरून पुस्तक झालं आणि पुस्तकात कड्याचं प्रकरण आलं. पुस्तकावरून परीक्षा झाली. 'उत्तरकडा अजिंक्य का आहे?' हा प्रश्न दरवर्षी ठरलेला. सगळ्या चौक्या दक्षिणेला बांधल्या, उत्तरेला साधा पहारेकरी नाही. कड्यावरून कोण येणार?

या कड्याचे एक खास जाणकारही तयार झाले. सगळे त्यांना कडागुरुजी म्हणत. माणूस वाईट नव्हता. रोज सकाळी स्वतःच्या हाताने माझ्या वाळूवर पाणी शिंपडायचा. पण ज्या भिंतीला मी टेकलो होतो तिला एक खिडकी असती ना मित्रांनो, तर त्यातून गुरुजींना खरी उत्तर दिशा दिसली असती. खिडकी नव्हती. आणि बाहेर जाऊन बघण्याची पद्धत नव्हती. ज्ञान आत असतं, बाहेर नुसती हवा असते, असा तिथला समज.

अशात एका वर्षी शिकायला एक कॅप्टन आली. ती सायकलवरून यायची, म्हणून तिला सगळे सायकलवाली म्हणत. तिला एकच हवं होतं, पूल बांधणाऱ्या पलटणीची प्रमुख व्हायचं. त्यासाठी माझ्यावरच्या परीक्षेत पास होणं भाग होतं. नापास झालेल्यांना कोठारात पाठवत. तिथे ब्लँकेटच्या घड्या मोजत म्हातारं व्हायचं, पुन्हा संधी नाही.

रविवारी ती सायकल काढायची आणि भटकायची. एका सोमवारी तिने वर्गात हात वर केला. "सर, मी काल उत्तरेला जाऊन आले. तिथे कडा नाहीये. साधा गवताचा उतार आहे."

कडागुरुजी प्रेमाने हसले. "प्रश्न चांगला आहे. पण अभ्यासक्रमाबाहेरचा आहे."

"सर, मी प्रश्न नाही विचारला."

"म्हणूनच उत्तर देत नाही. बसा."

वर्ग संपल्यावर तिच्या सोबत्याने तिला माझ्याजवळच गाठलं. गोल गरगरीत लेफ्टनंट, त्याला सगळे बटाट्या म्हणत. तो तिला ताई म्हणायचा.

"ताई, हात जोडतो. परीक्षेत कडा आहे म्हण आणि मोकळी हो. तुझ्या बापाचं काय जातंय?"

"आणि नसलेला कडा आहे म्हणू?"

"अगं, मी तर कड्यावर गिधाडाचं घरटंसुद्धा आहे म्हणणार आहे. मार्क जास्त मिळतात."

ती हसली, पण मान हलवली. "बटाट्या, मला पूल बांधायचेत. जमीन आहे तशी बघायची सवय मोडली, तर माझा पूल मला नापास करणार नाही. तो माणसं बुडवेल."

"मग ब्लँकेट मोज," तो वैतागून म्हणाला. "मी थंडीत येईन तुझ्याकडे. दोन जास्तीची दे."

परीक्षेचा दिवस उजाडला. पुढच्या गादीवर महाविद्यालयाचे प्रमुख जनरल बसले. मिशा अशा, की त्या आधी खोलीत यायच्या आणि मागून साहेब. शेजारी कडागुरुजी. नियमाप्रमाणे विद्यापीठातलं एक माणूस बाहेरचा परीक्षक म्हणून बोलवावं लागे. दरवर्षी एक गृहस्थ यायचे, जेवायचे, सही करायचे आणि जायचे. त्या वर्षी ते निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी काठी टेकत एक पांढऱ्या केसांच्या बाई आल्या. अंगाने काडी. आणि तोंड उघडलं तर, ढोल!

"अरे, हे तर आमचं टेबल! याला भिंतीला कुणी लावलं?"

"सोयीसाठी, बाई," जनरल म्हणाले.

"कुणाच्या?"

जनरलनी खुर्च्यांकडे पाहिलं आणि मिशी कुरवाळली. मी लाकूड असून मला भरून आलं, मित्रांनो. माझ्या बाई!

सायकलवालीचा नंबर आला. शत्रू कुठून येईल ते लाल निशाणं रोवून दाखवायचं होतं. सगळ्यांनी ती दक्षिणेला रोवली होती. बटाट्याने तर वर गिधाडही सांगितलं होतं आणि शाबासकी घेतली होती. सायकलवालीने निशाणं उचलली, टाचा उंच केल्या, माझ्या काठावर पोट टेकवून हात लांबवला आणि सगळी निशाणं त्या ढिगात खुपसली.

खोलीत कुजबुज झाली. कडागुरुजी उठलेच. "हा कडा आहे! इथून शेळीसुद्धा चढत नाही."

"सर, मी सायकलवरून चढते. उतरून ढकलावीसुद्धा लागत नाही."

"तुम्ही भलत्याच टेकडीवर जात असाल."

"वरून आपलं छप्पर दिसतं, सर. रविवारी त्या छपरावर तुमची लाल गादी वाळत घातलेली असते."

बाकड्यांवर खसखस पिकली. जनरलच्या मिशाही हलल्या. गुरुजी लालबुंद झाले. "शिस्तीचा प्रश्न आहे, साहेब! पुस्तकाविरुद्ध उत्तर म्हणजे नापास. हिला कोठारात पाठवा."

सायकलवालीचा चेहरा उतरला, पण तिने निशाणं काढली नाहीत. जनरलनी एकदा त्या निशाणांकडे पाहिलं. मग त्यांनी बाईंकडे पाहिलं. "बाहेरच्या परीक्षकांचं काय मत?"

"मत नंतर देते," बाई म्हणाल्या. "माझ्या वर्गात भांडण झालं की मी जागा बदलायला लावते. मला या टेबलाच्या पलीकडे उभं राहायचंय. ओढा ते."

"ओढायचं तर खुर्च्या काढाव्या लागतील," एक साहेब गादीवरून म्हणाले.

"मग उठा की! पायाला मुंग्या आल्यात का?"

इतक्या वर्षांत त्या साहेबांना असं कुणी बोललं नव्हतं. ते उठले. त्यांच्यामागे वेतवाले उठले. बटाट्याने आणि आणखी चौघांनी मला धरलं. "हं, जोर लावा!" मी करकरलो, पाय जमीन धरून बसले होते. मग एकदम सुटलो आणि भिंतीपासून हातभर बाजूला आलो.

आणि कडा पडला!

पडणारच होता. तो उभा होता भिंतीच्या जोरावर. भिंत मागे राहिली तशी वाळू सूंऽऽ करून घसरली, माझ्या काठावरून ओघळली आणि भिंतीलगतच्या फटीत बघायला आलेल्या कडागुरुजींच्या बुटांवर जाऊन बसली. वाळूबरोबर तुटके खडू निघाले, हरवलेल्या पेन्सिली निघाल्या, आणि एका जुन्या साहेबांचा हातमोजासुद्धा. माझ्यावर उरला तो एक साधा, सरळ, गवत लावलं तर मेंढ्या चरतील असा उतार. त्यात लाल निशाणं अजून उभी होती, जराशी कलती.

सगळ्यात आधी बटाट्या हसला. मग जनरल असे हसले, की मिशा कानांपर्यंत गेल्या. सायकलवाली मात्र हसली नाही. ती गुरुजींकडे बघत होती. गुरुजी वाकले. त्यांनी बुटावरची मूठभर वाळू उचलली, बोटांतून सोडली, पुन्हा उचलली.

"यावर माझी तीन पुस्तकं आहेत," ते हळूच म्हणाले.

त्यांनी हात झटकले. मग ते सायकलवालीकडे वळले. "तुमच्या सायकलला मागे कॅरिअर आहे?"

"आहे, सर. पण चढाला तुम्हाला उतरावं लागेल."

"शेळी चढत नाही म्हणालो होतो मी. बघू तरी, गुरुजी चढतो का."

निकाल त्यांनी रोखून धरला. जे पाहिलं नाही त्यावर यापुढे सही करणार नाही, म्हणाले. रविवारी तिच्या सायकलच्या मागे बसून, एका हातात छत्री धरून ते निघाले. जाताना गावातली पोरं मागे धावली म्हणे. सोमवारी गुरुजी वर्गात आले ते बुटाला गवत चिकटवून. त्यांनी फळ्यावर निकाल लिहिला. सायकलवाली पास, पूल पलटण. बटाट्यालाही पास केलं, पण पुढे लिहिलं, 'गिधाडाचे गुण वजा.'

आता तुम्हाला वाटेल, सगळे शहाणे झाले. छे! पुढच्याच वर्षी 'उत्तर उतार' नावाचा नवा विषय निघाला, त्याचं पुस्तक झालं, त्याचे प्रमुख म्हणून कडागुरुजींनाच नेमलं. संस्था आपली चूकसुद्धा वाया जाऊ देत नाही, तिचा अभ्यासक्रम करते. पण एक झालं. गुरुजी पोरांना आधी सायकली काढायला लावतात आणि मग वर्गात आणतात. गादीच्या खुर्च्यांची रांग गेली, आणि मी खोलीच्या मधोमध उभा राहिलो. चौथ्या बाजूला पुसून घेतलं, तिलाही पॉलिश मिळालं. तिथे आता उभी असतात हसरी, भांडखोर पोरं. "तुझ्याकडून काय दिसतं रे?" हे मी पुन्हा ऐकतो आणि माझ्या जुन्या लाकडाला पालवी फुटायचीच बाकी राहते.

तर मित्रांनो, माझं एवढं ऐका. कुठल्याही शाळेत, कचेरीत, छावणीत गेलात आणि कुणी म्हणालं, "तिकडे काही नाही, तिकडे जाता येत नाही," तर आधी विचारा, "तुम्ही गेला होतात का?" रागावतील. रागावू द्या. आणि माझ्यासारख्या जुन्या टेबलांची काळजी घ्यायची असेल, तर पॉलिश नको, पितळ नको. फक्त आमच्याभोवती एक माणूस चालेल एवढी जागा ठेवा.

आणि हो, जमलं तर लवकर या. परवाच नव्या साहेबांनी एक मोठं कपाट आणून माझ्या पूर्वेला लावलंय. "तात्पुरतं आहे," म्हणाले.