दयेचा नियम

सॉफ्टबॉलमध्ये एक नियम आहे, त्याला आम्ही सगळे दयेचा नियम म्हणतो. पाच डाव खेळून झाले आणि एका संघाकडे आठ धावांची आघाडी असली, की सामना तिथंच संपतो. यजमानांची ती आठवी धाव पाचव्या डावात झाली, तर त्याच क्षणी. हरणाऱ्यांचे आणखी हाल नकोत, एवढाच त्यातला अर्थ. लॉर्ना विकस्ट्रॉमला हा नियम झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता. म्हणूनच मला अजून तिचा राग येतो, आणि रागापेक्षा जास्त कीव येते.

लॉर्ना आमच्या कॉलेजची मुख्य प्रशिक्षक, मी तिची सहायक. ती आली तेव्हा आमचं मैदान म्हणजे मुलांच्या बेसबॉलच्या मैदानामागचं कुरण होतं. चुन्याच्या रेघा ती स्वतः मारायची, गाडी स्वतः चालवायची, मुलींचे घाणेरडे कपडे घरच्या मशीनमध्ये धुवायची. नेब्रास्कात वारा असा, की मारलेली रेघ सामना सुरू होईपर्यंत टिकली तर नशीब. त्यातून तिनं संघ उभा केला. नवरा मध्येच कधीतरी सोडून गेला. आईच्या अंत्यविधीला अर्धा दिवस गेली आणि दुपारच्या सामन्याला परत हजर झाली. मी म्हटलं, "अगं, आजचा दिवस तरी थांबायचंस." तर म्हणते, "आईला काय आता घाई आहे?"

तिची जागा तिसऱ्या बेसपाशी. तिथं उभं राहून धावणाऱ्या मुलीला सांगायचं, थांब की होम प्लेटकडे पळ आणि धाव पुरी कर. दोन्ही तळवे वर केले की थांब, हात गरागरा फिरवला की पळ. सुरुवातीच्या काळात एका अंतिम सामन्यात तिनं एका मुलीला थांबवलं आणि आम्ही एका धावेनं हरलो. त्यानंतर लॉर्नाचे तळवे वर गेलेले मी फारसे पाहिलेच नाहीत.

डेसी कुड्रना चौथ्या वर्षाला होती. पहिल्या वर्षी एक गुडघा गेला, ऑपरेशन झालं. तिसऱ्या वर्षी दुसरा. चार वर्षांत तिला एकदाही बॅट धरून प्लेटपाशी उभं राहता आलं नाही. तरी पोरगी रोज सरावाला यायची, चेंडू टाकणाऱ्या पिचरना तयार करायची, डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बाकांवर, सूर्यफुलाच्या बिया चघळत घसा फुटेपर्यंत ओरडायची. त्या वसंतात डॉक्टरांनी सांगितलं, पळायचं नाही, पण एकदा बॅट फिरवायला हरकत नाही. लॉर्नानं तिला शब्द दिला: "शेवटच्या सामन्यात तुझी एक बारी. माझ्याकडून."

हा सामना आमच्याच मैदानावर होता आणि दोघींचाही शेवटचा, कारण लॉर्ना निवृत्त होणार होती. स्पर्धेतून आम्ही आधीच बाहेर पडलो होतो. जिंकलो काय, हरलो काय, कुणाचं काही अडणार नव्हतं. रीतीप्रमाणे शेवटच्या वर्षाच्या मुलींना फुलं दिली. डेसीचे वडील वेंडेल गुरं शेजाऱ्याच्या हवाली करून पहाटेच निघून आले होते. ते जाळीला चिकटून, फोन हातात धरून उभे.

मी लॉर्नाला म्हटलं, "पहिल्या डावातच उतरव तिला. सुटलो."

"थोडी आघाडी मिळू दे, नोरीन."

"कशाला हवी आघाडी? आज काय ट्रॉफी मिळणार आहे?"

"मिळू दे गं. मग निवांत खेळेल पोरगी."

दोन धावा झाल्या, तर म्हणाली अजून एक-दोन. चार झाल्या, तर म्हणाली पुढचा डाव. मी नाद सोडला. डगआउटमध्ये डेसीनं बॅटची मूठ इतकी पुसली, की आता सालटं निघतील असं वाटायला लागलं.

पाचव्या डावात आमच्या सात झाल्या, त्यांच्या शून्य. आता मात्र लॉर्ना मनापासून हसली आणि ओरडली, "कुड्रना! हेल्मेट घाल. हिच्यानंतर तू!"

डेसी पुढच्या बॅटरच्या वर्तुळात जाऊन उभी राहिली. डगआउटमध्ये पोरींनी नुसता धिंगाणा घातला. वेंडेलनी फोन वर धरला. मी पहिल्या बेसपाशी होते आणि खरं सांगते, माझे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या बेसवर आमची एक पहिल्या वर्षाची मुलगी होती. बॅटरनं डावीकडे चेंडू मारला, छान, जमिनीलगत. ती पोर तिसऱ्या बेसकडे सुटली आणि सगळ्यांना शिकवलेलं असतं तसं तिनं लॉर्नाकडे पाहिलं. तिला तिथं थांबवलं असतं, तर पुढची बारी डेसीचीच.

लॉर्नाचा हात फिरला.

"थांबव तिला!" मी किंचाळले. पण वारा माझ्या तोंडावर, आणि ती पोर तोवर घसरत होम प्लेटवर पोचलीसुद्धा होती. आठ. पंचांनी मास्क काढला. पोरींनी बर्फाच्या पाण्याचं पिंप उचलून लॉर्नाच्या डोक्यावर रिकामं केलं, निवृत्तीचा मान म्हणून. पाणी निथळत असताना तिनं वर्तुळाकडे पाहिलं. डेसी हेल्मेट घालून तिथंच उभी होती आणि टाळ्या वाजवत होती.

लॉर्नाचा चेहरा तेव्हा कसा झाला, ते सांगता येणार नाही मला. ती तशीच ओली पंचांकडे धावली.

"ड्वाइट, ती धाव काढून टाक."

"काय?"

"बेस चुकला तिचा. मी पाहिलं. बाद दे तिला."

"लॉर्ना, बेस काही चुकलेला नाही. तू आयुष्यभर माझ्याशी धावा मिळाव्यात म्हणून भांडलीस. आता ही नको म्हणतेस?"

"ड्वाइट, पाया पडते तुझ्या."

"घरी जा बाई. धाव झाली."

मग ती समोरच्या प्रशिक्षकाकडे गेली, डेसीला दोन-चार चेंडू टाका म्हणाली. तो तरुण, भला माणूस. त्याची पिचर चेंडू घेऊन परत आपल्या जागी उभी राहिली. लॉर्ना डेसीपाशी आली. "चल. ते टाकताहेत. हवे तेवढे बॉल खेळ."

डेसीनं मैदानाकडे पाहिलं. समोरच्या संघातल्या निम्म्या पोरींनी बूट काढलेले होते.

"नको, कोच. सामना संपलाय."

"अगं, तुझे बाबा एवढ्या लांबून—"

"बाबांनाही कळतं ना, संपलाय ते."

"माझं चुकलं, डेसी. तिला थांबवायला हवं होतं मी."

"कशाला? सरळ धाव होती ती." डेसी हसली, आणि ते हसू खोटं नव्हतं. "तुमच्या जागी मी असते तर मीही हात फिरवलाच असता."

तिनं ते लॉर्नाला बरं वाटावं म्हणून म्हटलं. हेल्मेट काढलं, भिजलेल्या लॉर्नाला मिठी मारली आणि वडिलांकडे गेली. वेंडेलनी फोन केव्हाच खिशात ठेवला होता.

लॉर्ना बाकावर बसली. मी टॉवेल दिला, तो तिनं तसाच मांडीवर ठेवला.

"चिडली असती तर बरं झालं असतं गं," ती म्हणाली. "शिव्या द्यायच्या मला. चार वर्षं माझ्याकडे होती, नोरीन, आणि मी तिला एवढंच शिकवलं, हात फिरवायचा."

तसं नाही गं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण लॉर्नाशी खोटं बोलायची मला कधीच सवय नव्हती, म्हणून मी नुसती तिच्या शेजारी बसले.