बदक पडलं

ताईचा आवाज मुळातच सुतकी. "दार लावून घे" इतकं जरी म्हणाली तरी घरात कुणीतरी गेल्यासारखं वाटायचं. म्हणूनच धाकट्या भावाने तिला गाठलं. नोकरी सोडून तो घरी एक व्हिडिओ गेम बनवत बसला होता. त्यात एक लठ्ठ बदक फळ्यांवरून उड्या मारत जायचं आणि पाय घसरला की चिखलात आपटायचं. त्या आपटण्यासाठी त्याला गाणं हवं होतं. खोलीत आवाज घुमू नये म्हणून दोघांनी भिंतींना रजया टेकवल्या आणि ताईने एका दमात म्हणून टाकलं:

"पडलं, पडलं, बदक पडलं,
चिखलात बसून मुळुमुळू रडलं."

गेमकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. पण कुठल्याशा पोराने लग्नात घसरून पडलेल्या नवरदेवाच्या व्हिडिओला हे गाणं जोडलं आणि ते वाऱ्यासारखं पसरलं. भाषण करता करता मंचावरून कोसळलेला पुढारी, सोफ्यावरून घरंगळलेलं मांजर, डुलकी लागून खुर्चीसकट कलंडलेला कारकून, जो पडेल त्याच्यामागे ताईचा आवाज. भावाचा गेमही अचानक खपायला लागला. आई भाजी आणायला गेली तरी सांगायची, ते गाणं आमच्या मुलीचं.

ताई इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. लकवा झालेल्यांना, हाडं मोडलेल्यांना पुन्हा चालायला शिकवणं हे तिचं काम. तिथल्या सहकाऱ्यांनी आग्रह केला म्हणून तिने व्यायामाच्या हॉलमध्ये, अंगात गणवेश तसाच ठेवून, "हा आवाज माझा" असं सांगणारा व्हिडिओ टाकला. मग काय, लोक आपापले पडण्याचे व्हिडिओ तिच्या नावाने पाठवायला लागले आणि चहाच्या सुट्टीत ताई एकेकावर आवडल्याचा लाल बदाम टाकत सुटली. पाहायला वेळ कुणाला होता? अंगठा आपोआप चालायचा.

याच दिवसांत उस्ताद यायचे बंद झाले.

उस्ताद म्हणजे गाडी शिकवणारे. अर्ध्या गावाला त्यांनीच ब्रेक दाबायला शिकवलं होतं. डावं अंग लुळं पडल्यावर ताईकडे आले, तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "बाई, इंजिन ठीक आहे, फक्त क्लच गेलाय." असा माणूस न कळवता गैरहजर राहिला, म्हणून ताईने घरी फोन केला. सुनेने उचलला.

"काय झालंय कळत नाही मॅडम. नाही म्हणजे नाहीच म्हणतात." मग तिचा आवाज एकदम खुलला. "पण आमचा व्हिडिओ आवडला ना तुम्हाला? तुमचा बदाम आला आणि आम्ही सगळ्यांना दाखवत सुटलो."

ताईने फोन ठेवला आणि व्हिडिओ शोधून काढला.

उस्ताद पाठमोरे होते. स्वयंपाकघरातून बाहेर येताना डावा पाय पायपुसण्यात अडकला, हात भिंतीकडे गेला, भिंत सापडली नाही. खाली बसल्यावर त्यांनी मान वळवून मागे पाहिलं, कुणी बघितलं का म्हणून. नेमकं तिथे बदक मुळुमुळू रडलं. खाली हसणाऱ्यांची रांग, आणि रांगेत सगळ्यात वर तिचं नाव, बदामासकट.

हे चित्रण तिनेच करायला लावलं होतं. पाय कुठे अडतो ते बघायचंय, घरी चालतानाचे व्हिडिओ काढत जा, असं तिनेच सुनेला बजावलं होतं. हॉलमध्ये समोरच एक आजी कठडा धरून उभ्या राहत होत्या. त्यांच्याकडे तिला बघवेना.

तिने भावाला फोन केला. "ते गाणं काढून टाक."

"गेममधून काढतो. लोकांच्या फोनमधून कसं काढू, ताई?" तो म्हणाला. थोडं थांबून त्याने विचारलं, "कुणी काही बोललं का तुला?"

"नाही," ताई म्हणाली. कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

कामावरून सुटल्यावर ती उस्तादांच्या घरी गेली. सुनेने लगबगीने पाणी आणलं. ताईने तिला हळूच सगळं सांगितलं, तशी ती बिचारी ग्लास हातात घेऊन उभीच राहिली. तिने व्हिडिओ तिथल्या तिथे पुसला. पण तोवर तो कितीजणांनी पुढे पाठवला होता, कोण जाणे.

उस्ताद खिडकीपाशी खुर्चीत होते. "या," म्हणाले, पण मान वळवली नाही.

"काका, मी न बघताच बदाम टाकला." आतल्या आत घोकत आणलेलं वाक्य बाहेर पडताच किती भिकार आहे ते तिला कळलं. माफी मागायला आली होती आणि सबब सांगून बसली. "म्हणजे, चुकलंच माझं. गाणं, व्हिडिओ काढायला लावणं, सगळंच."

"सुनेचं मला काही वाटलं नाही," उस्ताद म्हणाले. "तिच्या मनात कौतुकच होतं. पण तुमचं नाव पाहिलं आणि वाटलं, मी घरी गेल्यावर तुम्ही तिथे हॉलमध्ये असंच हसत असणार. सगळेच मिळून."

"नाही हो, काका."

"आता तुम्ही सांगताय म्हणून मानायचं."

ताईही खिडकीशी येऊन रस्त्यावरची रहदारी बघू लागली. एक नवशिका स्कूटरवाला चौकात बंद पडला, मागच्यांनी हॉर्न लावले. उस्ताद त्याच्याकडे बघतच बोलले, "चालायचं राहू द्या. पडल्यावर एकट्याने उठायचं कसं, ते शिकवता का? कुणी फोन काढायच्या आत उठता आलं पाहिजे."

हे तर तिने फार आधी शिकवायला हवं होतं. तेही मनाला लागलं.

तिने सुनेकडून सतरंजी मागून घेतली आणि स्वतःच डाव्या कुशीवर पडून दाखवलं. आधी चांगल्या बाजूला वळायचं, मग कोपरावर भार, मग गुडघा, मग खुर्चीची बैठक धरायची. जमिनीवरून तिला उस्तादांचे पाय आणि दारातल्या सुनेचे पाय दिसत होते. ताईचा चेहरा तापला होता.

"समजलं नाही," उस्ताद म्हणाले. "पुन्हा पडा."

ते हसत नव्हते. ताई पुन्हा पडली.