दाखवायचा पाळणा

मी पाळणा बोलतोय. बाळाला झोपवायचं सोडून हा बोलायला कधीपासून लागला, असं वाटेल तुम्हाला. पण वर्षभर माझ्यात बाळच नव्हतं हो. रिकामपणी माणसांच्या बोलण्याकडे कान लावायची खोड लागली. खोड वाईट आहे, मान्य. सुटत मात्र नाही.

माझा जन्म एका सुताराकडचा. सुतार अबोल, पण त्याची बायको भारी चिकित्सक. पाळणा तयार झाला की ती त्यात दोन्ही कोपरं टेकायची, अंगाचा भार टाकायची आणि झोका देऊन कान लावायची. मला झोका दिला आणि म्हणाली, "अहो, हा जरा तोंडाळ आहे."

"असू दे," सुतार म्हणाला. "बाळाला तेवढीच सोबत."

मला न्यायला कुणाची तरी आई येईल, निदान आजी तरी येईल, अशी माझी कल्पना. आला तो पंख्यांच्या कारखान्याचा मॅनेजर, हातात टेप घेऊन! चारी बाजूंनी मला मोजून त्यानं विचारलं, "फोटोत चांगला दिसेल ना?" बाळाचं वजन पेलेल का, हे काही विचारलं नाही.

झालं होतं असं. मोठ्या साहेबांना कारखाना वाढवायचा होता, आणि भांडवल घालणाऱ्या मंडळींनी पत्रातून तीन गोष्टी विचारल्या होत्या. तुमच्याकडे बायका किती आहेत, बाळंतपणानंतर त्यातल्या किती कामावर परत येऊन टिकतात, आणि लहान मुलांची सोय आहे का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं शोधायला वेळ लागला असता. तिसऱ्याचं उत्तर सुताराकडे तयार मिळत होतं.

मग काय, भंगाराची खोली रंगवली. दारावर पाटी लागली, 'बालसंगोपन कक्ष'. फोटो निघाला. मळू नये म्हणून मला गादीसकट प्लास्टिकमध्ये गुंडाळलं आणि दाराला कुलूप घातलं. देखल्या देवा दंडवत, दुसरं काय!

पुढे मॅनेजरसाहेब माझ्यात छत्री ठेवू लागले. मग डबा. थंडीत स्वेटर. एकदा तर टेबलफॅनची तीन डोकी माझ्यात झोपली होती. मी त्यांनाही हळूच झोके दिले. हौस हो, दुसरं काय!

माझ्या खिडकीतून वायंडिंग दिसायचं. तिथे पंचवीस-तीस बाया केसासारखी बारीक तांब्याची तार मशीनवर गुंडाळून कॉइल बनवतात. कॉइल म्हणजे पंख्याचा जीव. एक वेढा चुकला की पंखा घोरतो आणि गिऱ्हाइकाकडून परत येतो. त्यात एक होती मुंगी. खरं नाव हजेरीच्या वहीत असेल, पण अंगानं एवढीशी आणि हाताला उसंत नाही, म्हणून सगळ्यांची मुंगी. तिचा पंखा कधी परत आला नाही.

मुंगीला मुलगी झाली. तीन महिन्यांनी मुंगी कामावर परत आली आणि बाळ शेजारच्या काकूंकडे राहू लागलं. पण काकूंच्या गुडघ्यांनी संप पुकारला. मुंगी माझ्याच दारापाशी मॅनेजरना भेटली.

"साहेब, खोली तर आहेच. मुलीला इथे ठेवू का? दोनदा येऊन पाजून जाईन."

"अगं, भिंतींचा रंग ताजा आहे," मॅनेजर म्हणाले. "ते पैसे घालणारे पाहुणे येऊन जाऊ देत, मग बघू."

"पाहुणे कधी येणार?"

"ते पाहुण्यांना ठाऊक."

मुंगी म्हणाली, "मग महिनाअखेरीला मी काम सोडते साहेब. मुलीला खिशात घालून येता येत नाही."

मला इतका राग आला की मी कुरकुरलो. मॅनेजरना वाटलं, उंदीर. त्यांनी पिंजरा लावला.

आणि नेमके महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पाहुणे यायचे ठरले. आदल्या दिवशी मॅनेजर खोली बघायला आले आणि कपाळावर हात मारून मटकन बसले. रंग होता, पाटी होती, रबरी बदक होतं. बाळ कुठे होतं?

किल्ल्या सांभाळणाऱ्या स्टोअरबाई दारात उभ्या होत्या. "साहेब, चिठ्ठी द्या, स्टोअरमधून काढून देते. मुलगा हवा की मुलगी?"

"बाई, चेष्टा पुरे. कुणाचं तरी बघा!"

"बघायचं कशाला? त्या मुंगीचं आहे की. जिला तुम्ही रंग दाखवलात."

मुंगीला बोलावलं. मॅनेजरसाहेबांचा आवाज एकदम सायीसारखा झाला. "उद्या दोन तास बाळाला घेऊन ये. कुणी विचारलं तर 'रोज आणते' म्हणायचं. जाताना अनुभवाचा दाखला असा लिहून देतो की कुठेही उभी राहशील."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर साधा देईन. काम केलं, एवढाच."

मुंगी मशीनवर परत गेली. दुसऱ्या नोकरीसाठी तो दाखलाच तिचा आधार होता, हे मलासुद्धा कळत होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली. आणि काय सांगू! सहा महिन्यांची ती गुबगुबीत पोर माझ्यात ठेवली, तेव्हा माझे चारी खूर सैल झाले. प्लास्टिक कचकचलं. पोरीनं मला पाहिलं आणि असा टाहो फोडला की वायंडिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, जेवणाचा भोंगा लवकर झाला!" तेव्हापासून तिचं नाव भोंगा.

पाहुण्या म्हणून आल्या एक साठीच्या बाई. चष्मा दोरीला, पायात सपाट चपला. मोठे साहेब पुढे, मॅनेजर मागे.

"हा आमचा कक्ष," साहेब म्हणाले. "वर्षभर रोज वापरात आहे."

बाईंनी माझ्या कठड्यावरून बोट फिरवलं. "मग हे प्लास्टिक?"

"स्वच्छतेसाठी!" मॅनेजर म्हणाले.

नेमकं तेव्हाच भोंगाबाईंनी मोकळं व्हायचं ठरवलं. गादीवर प्लास्टिक, मग काय मुरणार? धार सरळ खाली, मोठ्या साहेबांच्या चकचकीत बुटात. मी किंचित त्या बाजूला कललो होतो, हे तुमच्या-माझ्यात राहू द्या.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मुंगीला विचारलं, "तुम्ही बाळाला रोज आणता?"

मॅनेजर मुंगीकडे बघू लागले. मुंगी पोरीकडे.

"नाही मॅडम," मुंगी म्हणाली. "आज पहिल्यांदा आणलं. परवापासून मीच नाही. हिला ठेवायला जागा नाही म्हणून काम सोडतेय." मग मॅनेजरकडे वळून म्हणाली, "साधा दाखला द्या साहेब, चालेल."

बाईंनी स्टूल ओढलं आणि मोठ्या साहेबांकडे वळल्या. "साहेब, हिच्यासारखा हात तयार व्हायला किती दिवस लागतात?"

"सहा महिने तरी."

"आणि नवीन हातांचे पंखे?"

दारातून स्टोअरबाई म्हणाल्या, "मॅडम, परत आलेल्या पंख्यांनी माझं स्टोअर भरलंय. चालायला वाट नाही. गेल्या वर्षात अशा पाच जणी गेल्या."

"म्हणजे तयार हात तुम्ही स्वतःच दाराबाहेर घालवता," बाई म्हणाल्या, "आणि नवी शेड बांधायला आमच्याकडे पैसे मागता. फुटक्या माठात पाणी ओतायची मला हौस नाही."

साहेब ओल्या बुटात उभे. पहिल्यांदाच ते मॅनेजरशी न बोलता मुंगीशी बोलले. "तुला काय हवंय?"

"खोलीची किल्ली. मुलांकडे बघायला एक बाई. आणि पाजायला सुट्टी, पगार न कापता."

"देतो."

"साहेब," बाई उठत म्हणाल्या, "दोन महिन्यांनी मी न सांगता येईन. पाळणा मळलेला दिसला, तर पुढचं बोलू."

त्या आल्या तेव्हा मला ओळखलंच नाही त्यांनी. प्लास्टिक गेलेलं, कठड्यावर दातांच्या खुणा, गादीचा वास असा की बाईंनी चष्मा वर करून नाक धरलं. "छान!" म्हणाल्या, आणि तिथेच बसून मोठ्या साहेबांशी नव्या शेडचं बोलणं सुरू केलं.

मुंगी आता नव्या मुलींना वायंडिंग शिकवते. घालवलेल्या पाचांपैकी दोघी परत आल्यात. परवा पॅकिंगमधला एक दांडगा गडी आपल्या मुलाला काखेत घेऊन दारात आला. बायकोला दुसरीकडे सकाळची पाळी लागली होती.

"अरे, हे बायकांसाठी आहे," मॅनेजर म्हणाले.

मुंगी मशीनवरूनच ओरडली, "साहेब, पाटी वाचा! बाळ कुणी आणायचं ते लिहिलेलं नाही तिथे!"

मॅनेजरनी पाटी वाचली. दोनदा वाचली. आणि त्या पोराला स्वतःच माझ्यात ठेवलं, पायाकडे डोकं करून. शिकतील हळूहळू.

माझा एक खूर आता खिळखिळा झालाय, पण त्याची तक्रार नाही. एवढंच सांगतो, कुठल्या कारखान्यात, कचेरीत माझा एखादा कोरा करकरीत भाऊ दिसला, तर त्याचं कौतुक करू नका. बिचारा आतून रडत असतो. किल्ली कुणाकडे आहे, तेवढं मोठ्यानं विचारा.