दुभाजकातली फट

मी एक जुना सिमेंटचा ठोकळा आहे. नळदुर्गजवळ, हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका फाट्यावर असतो. मठ्ठ माणसाला लोक ठोकळा म्हणतात, त्याचे मला वाईट वाटते. पण मित्रांनो, आधी माझी हकीकत ऐका, मग मठ्ठ कोण ते ठरवा.

साच्यातून निघालो, पाणी पिऊन घट्ट झालो आणि काळे-पिवळे पट्टे लेवून दुभाजकात उभा राहिलो. ती ऐट फार टिकली नाही. रस्त्याच्या एका अंगाला गाव, दुसऱ्या अंगाला शाळा आणि वळसा पार पुढच्या चौकातून. मग गावच्या गड्यांनी पहारी लावून मला बाजूला सरकवले. त्या फटीतून मोटारसायकली, शेळ्या आणि शाळेची पोरे जाऊ लागली.

शांताक्का शाळेत खिचडी शिजवायच्या. रोज सकाळी त्या पोरांना रस्त्याच्या गावाकडच्या कडेला थांबवत, एकट्या पुढे येऊन माझ्यावर चढत, दोन्हीकडे पाहत आणि मगच हात वर करत. त्याशिवाय एकही पोर हलत नसे. त्यांची झिजलेली चप्पल माझ्यावर टेकली की मला धन्य वाटे.

अपघात वाढले, तशी रस्ता सुधारण्याची योजना निघाली. माणसे जिथून ओलांडतात तिथे पांढरे पट्टे, दिवे आणि गतिरोधक होणार होते. त्यासाठी साहेब पाहणीला येणार होते. शांताक्कांना हायसे वाटले. फाट्यावर चहाचे हॉटेल चालवणारे धोंडप्पा मात्र धास्तावले. फट दिसली की साहेब ती बुजवतील, असे त्यांनी गावाला पटवले. पाहणीच्या दिवशी मला पुन्हा जागेवर बसवले, वर रंगही दिला.

"अण्णा, खरं सांगा की," शांताक्का धोंडप्पांना म्हणाल्या. "आमी हितनंच जातो म्हणा."

"गप ऱ्हावा, शांताक्का. फट बुजवली तर लेकरं जाणार कुठनं?"

इथून कोणी ओलांडते का, असे साहेबांनी विचारले. कोणी न्हाय, असे सगळे एका सुरात म्हणाले. शांताक्का खाली मान घालून उभ्या राहिल्या. पट्टे आणि दिवे दुसऱ्या फाट्याला गेले. साहेबांची गाडी दिसेनाशी झाली आणि मी परत बाजूला झालो. धोंडप्पांनी सगळ्यांना चहा पाजला.

दिवाळीनंतर एका सकाळी दाट धुके होते. शांताक्का नेहमीसारख्या पुढे निघाल्या, पण माझ्यापर्यंत पोचल्या नाहीत. टँकरवाल्याला त्या दिसल्याच नाहीत. पोरे हात वर होण्याची वाट पाहत कडेला तशीच उभी होती.

साहेब पुन्हा आले. माझ्यावर हात ठेवून धोंडप्पा म्हणाले, "त्या दिशी ह्यो ठोकळा आमीच लावला हुता." नवा प्रस्ताव पाठवू, असे साहेब म्हणाले. तो अजून मंजूर व्हायचा आहे.

मित्रांनो, झाकली मूठ सव्वा लाखाची, हे घरात ठीक आहे. रस्त्यावरचा धोका झाकू नका. पाहणीला कोणी आले तर रस्ता आहे तसा दाखवा.

आता सकाळी हॉटेल बंद ठेवून धोंडप्पा माझ्यावर चढतात. गुडघे धरून उभे राहतात, दोन्हीकडे पाहतात, हात वर करतात. पण पोरे लगेच निघत नाहीत. आधी आपल्या डोळ्यांनी दोन्हीकडे पाहतात.